लंडनचे विचारपीठ आणि मोखाड्याचे हजेरीपत्रक

(जव्हार व मोखाडा तालुक्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



धोरण कोठे जन्माला येते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकजण ‘मंत्रालयात’ असे देतात. ते अपुरे आहे. मंत्रालयात धोरणाला क्रमांक आणि दिनांक मिळतो. त्याचा जन्म त्याआधी बराच काळ, कधी एखाद्या परिसंवादात, कधी कोणी चिकाटीने लिहिलेल्या टिपणात झालेला असतो. ज्यांची टिपणे तयार असतात त्यांचे राज्य नसले तरी त्यांचा शब्द राज्यकर्त्यांच्या टेबलावर असतो. डाव्या विचारांच्या मंडळींना हे सत्य इतरांच्या पुष्कळ आधी उमगले, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

लंडनमधील ‘पॉलिसी नेटवर्क’ ही संस्था या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि राष्ट्रीयीकरणाचा जुना मंत्र निष्प्रभ ठरला. युरोपातील समाजवादी पक्षांपुढे पेच उभा राहिला. बाजारपेठेचा स्वीकार करावा तर आजवरच्या घोषणा खोट्या ठरतात, आणि न करावा तर निवडणूक हातची जाते. अँथनी गिडन्स या समाजशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये ‘तिसरा मार्ग’ नावाचे पुस्तक लिहून या पेचाला तात्त्विक उत्तर दिले. हे गिडन्स त्या वेळी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. १८९५ मध्ये वेब दांपत्यादी फेबियन समाजवाद्यांनी स्थापन केलेल्या याच विद्यालयात पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. नोव्हेंबर १९९९ मध्ये फ्लॉरेन्स येथे अमेरिकेचे क्लिंटन, ब्रिटनचे ब्लेअर, जर्मनीचे श्रोडर, फ्रान्सचे जोस्पँ आणि ब्राझीलचे कार्दोसो एकत्र बसले. पाठोपाठ २००० मध्ये ब्लेअर, श्रोडर, इटलीचे अमातो आणि स्वीडनचे पेर्शोन यांच्या पाठबळाने पॉलिसी नेटवर्क उभे राहिले. ब्लेअर यांचे निकटवर्ती पीटर मँडलसन यांनी दीर्घकाळ त्याचे नेतृत्व केले.

या संस्थेने कधी मोर्चा काढला नाही. तिने परिषदा भरविल्या, पुस्तिका काढल्या आणि निरनिराळ्या देशांतील पंतप्रधानांच्या सल्लागारांची एकमेकांशी गाठ घालून दिली. सत्तेवर असताना काय बोलायचे आणि सत्ता गेल्यावर कशाचा विचार करायचा, दोन्हींची सामग्री तिने पुरविली. २०१० मध्ये ब्रिटनमधील मजूर पक्षाची सत्ता गेली. त्यानंतरच्या वर्षी जेकब हॅकर या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने या संस्थेसाठी एक निबंध लिहिला. त्याचे सूत्र असे की, बाजाराने विषमता निर्माण करावी आणि सरकारने मागाहून कर घेऊन मदत वाटत बसावे, यापेक्षा मजुरीचे आणि संधीचे वाटप मुळातच न्याय्य होईल अशी रचना करावी. ‘पुनर्वाटप’ नव्हे तर ‘पूर्ववाटप’, असे त्याला मराठीत म्हणता येईल. २०१२ मध्ये मजूर पक्षाचे तत्कालीन नेते एड मिलिबँड यांनी तो शब्द जाहीर भाषणात वापरला, तेव्हा त्याच्या बोजडपणाची थट्टाही झाली. २०२१ मध्ये पॉलिसी नेटवर्क दुसऱ्या एका संस्थेत विलीन होऊन ‘प्रोग्रेसिव्ह ब्रिटन’ नावाने वावरू लागले. एकवीस वर्षांचे आयुष्य. संस्थेच्या मानाने अल्पच म्हणायचे.

आता कोणीही विचारील, की लंडनच्या या कथेचे मोखाड्याला काय? खोडाळ्याच्या बाजारात नागली आणि वरई घेऊन बसलेल्या वारली भगिनीला श्रोडर कोण हे ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु ‘पूर्ववाटप’ म्हणून २०११ मध्ये जे सूत्र नवे म्हणून मांडले गेले, ते महाराष्ट्राने त्याच्या कितीतरी आधी कायद्यात उतरविले होते. आणि ते मांडणारा गृहस्थ कोणत्याही परदेशी विद्यापीठातून आलेला नव्हता. तो सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा होता.

वि. स. पागे हे त्यांचे नाव. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. पक्षाने काँग्रेसचे, वृत्तीने गांधीवादी आणि संतसाहित्यात रमणारे. १९६५ मध्ये त्यांनी तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना आपली कल्पना लिहून कळविली. ती अशी, की ग्रामीण भागात जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते देण्याची हमी सरकारने घ्यावी. उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून. प्रथम तासगाव तालुक्यात प्रयोग झाला. एक योगायोग येथे नोंदविण्याजोगा आहे. त्याच १९६५ सालच्या एप्रिलमध्ये पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईत चार व्याख्याने देऊन एकात्म मानवदर्शन मांडले. हाताला काम हा त्यांच्याही अर्थचिंतनाचा पाया होता. दोघांचे पक्ष भिन्न, परिभाषा भिन्न. तरी समाजाच्या शेवटच्या माणसापासून अर्थकारण मोजायला सुरुवात करावी, याविषयी दोघांत मतभेद नव्हता.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या, पाझर तलाव खणणाऱ्या त्या हातांनी पागे यांचे म्हणणे सिद्ध केले. काम मिळाले तर दुष्काळातही माणसे भूकबळी होत नाहीत, हे त्यानंतर जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्राच्या उदाहरणावरून लिहिले. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ मध्ये संसदेने देशासाठी जो कायदा केला त्याचा मूळ आराखडा हाच. विचारांचा प्रवाह नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडेच वाहतो, असे मानणाऱ्यांनी विसापूरचा हा प्रवास अवश्य पाहावा.

या योजनेसाठी पैसा कोठून आणला, हे तर अधिक उद्बोधक आहे. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातील पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्याकडून हा कर घ्यायचा, त्यात राज्याने तितकीच भर घालायची आणि त्यातून गावातल्या मजुराला काम द्यायचे, अशी ती रचना होती. नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या वेतनचिठ्ठीत दरमहा दोनशे रुपयांची आणि फेब्रुवारीत तीनशेची एक कपात दिसते. डोंबिवलीच्या किंवा ठाण्याच्या कुटुंबात त्या ओळीकडे कोणी बघतही नाही. परंतु ती ओळ म्हणजे शहरातील एका घराने डोंगरावरील एका घराशी जोडलेला धागा आहे. वर्षाला अडीच हजार रुपये देणाऱ्याने त्या पैशाचे पुढे काय होते हे विचारू नये, हे नवलच.

त्या पैशाचे जव्हार-मोखाड्यात काय झाले?

या दोन तालुक्यांत दहांपैकी नऊ माणसे वनवासी समाजाची आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. १६६४ मध्ये सुरतेच्या मोहिमेवर जाताना शिवछत्रपतींचा मुक्काम शिरपामाळावर झाला, ही आठवण जव्हारकर आजही अभिमानाने सांगतात. मोखाडा मात्र ब्रिटिश अमलाखाली होता. दोहोंकडे गरिबी सारखीच. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई प्रांतातील खेर मंत्रिमंडळाने सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याकडून डोंगरी भागातील जमातींची पाहणी करविली. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्याशा रकमेपायी नवराबायको वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबत राहतात, त्यांना लग्नगडी म्हणतात, हे त्या अहवालाने सरकारदरबारी प्रथमच ठळकपणे मांडले. पुढे १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणूकडे गोदूताई परुळेकरांनी वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले. त्यांच्या साम्यवादाशी मतभेद असणाऱ्यानेही त्यांच्या पायपिटीपुढे हात जोडावेत. आचार्य भिसे, ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी त्याच परिसरात आयुष्ये वेचली. म्हणजे ठाणे जिल्ह्याच्या या डोंगराळ पट्ट्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते, असे म्हणता येणार नाही.

आणि तरीही १९९२ साल उजाडले. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके कुपोषण आणि साथीच्या आजारांनी दगावली. मुंबईपासून अवघ्या दीडशे किलोमीटरच्या परिघात. रोजगार हमीचा कायदा होऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती, एकात्मिक बालविकास योजना सुरू होऊन सतरा. मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांच्या सरकारला हादरा बसला, मंत्र्यांच्या गाड्या प्रथमच त्या घाटवाटांवर दिसू लागल्या. त्यानंतर जव्हारला वरिष्ठ अधिकाऱ्यांची कार्यालये आली, १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. २०१५ मध्ये गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण देणारी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी पुन्हा वर्तमानपत्रांचे मथळे व्यापले.

कायदा चांगला, योजना चांगली, पैसा उपलब्ध; मग गाडे अडते कोठे? याचे उत्तर लंडनच्या किंवा दिल्लीच्या कोणत्याही निबंधात सापडत नाही. ते दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात मोखाड्याच्या एस.टी. स्थानकावर सापडते.

भात, नागली आणि वरई घरात आली की त्या धान्यावर कुटुंब फारतर काही महिने निघते. दसरा-दिवाळीच्या सुमारास वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर येतो आणि उचल देतो. रोख रक्कम, हातात, त्याच दिवशी. लग्न, आजारपण, दुकानदाराची उधारी, सगळे त्यात भागते. मग कुटुंबच्या कुटुंब भिवंडी, वसई, ठाण्याकडे भट्टीवर जाते. तेथे आठवड्याला केवळ पोटापुरती खर्ची मिळते आणि खरा हिशेब होतो तो पावसाच्या तोंडावर. त्या हिशेबात उचल फिटली नाही तर ती पुढील वर्षाच्या खात्यावर चढते. सिमिंग्टनच्या काळातील लग्नगडी आणि आजची उचल यांत अंतर पुष्कळ आहे. परंतु नाते अजिबात नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

आता याच्या शेजारी रोजगार हमीचे काम ठेवून पाहा. २००५ च्या कायद्याने मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम आणि हजेरीपत्रक बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी, असे स्पष्ट लिहिले होते. विलंब झाला तर भरपाईची तरतूदही होती. पण ज्याच्या घरात मीठ-मिरचीचाही प्रश्न आहे त्याला पंधरा दिवस हाच मुळात मोठा काळ. त्यात मस्टर उशिरा बंद होते, मोजमापाला अभियंता वेळेवर येत नाही, खाते आणि आधार यांची जोडणी जुळत नाही, बँकेची शाखा पाड्यापासून दूर असते आणि एका फेरीत पैसे मिळतीलच याचा भरवसा नसतो. मुकादम लबाड असेल, पण तो रोख देतो. सरकार प्रामाणिक आहे, पण ते उद्या देते. मजुराने यातून काय निवडावे? त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी त्याच्या जागी बसून हा हिशेब करून पाहावा. तो अत्यंत व्यवहारी माणूस आहे.

या स्थलांतराची सर्वांत मोठी किंमत मोजते ते दोन वर्षांच्या आतील मूल. पाड्यावरील अंगणवाडी सेविका त्याचे वजन महिन्याच्या महिन्याला वहीत लिहीत असते. दिवाळीनंतर त्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. भट्टीजवळच्या अंगणवाडीत त्याचे नाव नसते, कारण ते त्या गावचे नाही. सहा-सात महिने ते मूल कोणाच्याच वहीत नसते. ज्येष्ठात परत येते ते दंड बारीक झालेले, लसीचा एखादा डोस चुकलेले. आणि लगेच पावसाळा लागतो. मोखाड्याचा पावसाळा म्हणजे अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, ओढे भरलेले, पाड्यांच्या वाटा तुटलेल्या, कणगीतले धान्य संपत आलेले आणि आई दिवसभर लावणीच्या चिखलात. बालमृत्यूंची संख्या याच महिन्यांत वाढते. रोग हे कारण मृत्यूच्या दाखल्यावर लिहिले जाते. त्याची सुरुवात मात्र दिवाळीत घेतलेल्या उचलीपासून झालेली असते.

(पावसाचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे मुंबई महापालिकेने १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण बांधले. १९५७ चे मोडकसागर आणि १९७३ चे अप्पर वैतरणा त्याच नदीवरचे. आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच तालुक्यातील पाड्यांवर टँकर येतो. यावर भाष्य नको.)

येथेच धोरण-अभ्यास करणाऱ्या मोठ्या संस्थांची मर्यादा लक्षात येते. महाराष्ट्राने २००५ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले. २००५-०६ मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील खुज्या बालकांचे प्रमाण ३९ टक्के होते. २०१२ च्या पाहणीत ते २३ टक्क्यांवर आले. ही असामान्य घट होती. ब्रिटनमधील ससेक्सच्या विकास-अध्ययन संस्थेतील तज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला, महाराष्ट्राचे नाव जगापुढे गेले. त्यात खोटे काही नाही, मिशनचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु पुढे काय झाले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील खुज्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते, २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के झाले आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. वयोगट भिन्न असल्याने २०१२ च्या आकड्याशी याची थेट तुलना करता येणार नाही. पण वाटचाल थबकली आहे एवढे दिसतेच.

शिवाय राज्याची सरासरी म्हणजे मोखाडा नव्हे. इतकेच काय, पालघर जिल्ह्याची सरासरीही मोखाडा नव्हे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख लोकसंख्येचा. त्यातील १३ लाखांहून अधिक माणसे एकट्या वसई तालुक्यात आणि मोखाड्यात जेमतेम ८३ हजार. जिल्ह्याचा आकडा सुधारला तर तो वसई-विरारच्या इमारतींमुळे सुधारलेला असू शकतो. मोखाड्याचे मूल त्या बेरजेत दिसेनासे होते. नवा जिल्हा झाल्याने वनवासी भागाला न्याय मिळेल ही अपेक्षा रास्त होती. मोजणीच्या बाबतीत तरी ती अद्याप पुरी झालेली नाही.

मोजणीवरून २००१ सालचे ‘कोवळी पानगळ’ आठवावे. डॉ. अभय बंग आणि त्यांच्याबरोबरच्या तेरा स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव जन्म-मृत्यू स्वतः नोंदविले आणि सरकारी दप्तरात बालमृत्यूंची जी संख्या होती ती वस्तुस्थितीच्या तुलनेत फारच कमी असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर शासनाला मूल्यमापन समिती नेमावी लागली. येथे कोणाला पदच्युत केले गेले नाही, बस जाळली गेली नाही. एका नीट ठेवलेल्या वहीने राज्याच्या यंत्रणेला नमविले. विचारपीठ म्हणतात ते हेच. त्याला लंडनचा पत्ता लागत नाही.

दुसरे उदाहरण जव्हारच्या मातीतलेच. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे सुरू केलेल्या ‘बायफ’ने गुजरातमधील वासदा येथे वनवासी शेतकऱ्यांच्या पडीक वरकस जमिनीवर आंबा-काजूची वाडी उभारण्याचा प्रयोग केला. पुढे तो जव्हार परिसरात आला. एकरभर जागा, बांधावर जळाऊ लाकडाची झाडे, मधल्या जागेत भाजीपाला किंवा मोगरा. हे तंत्र साधे आहे. परंतु त्याने दोन गोष्टी साधल्या. झाडांना पाणी घालायला घरी माणूस हवा, म्हणून भट्टीवर जाणे आपोआप कमी झाले. आणि मोगऱ्याच्या कळ्यांचे पैसे खुडणीच्या हंगामात नेमाने हातात येऊ लागले. मुकादमाच्या रोख रकमेला उत्तर मिळाले ते रोख रकमेनेच. नाबार्डने याच वाडी पद्धतीला आपल्या आदिवासी विकास निधीतून देशभर नेले. जव्हारचीच प्रगती प्रतिष्ठान ही १९७२ पासूनची संस्था. मूकबधिर मुलांच्या शाळेपासून पाड्यावरच्या पाण्यापर्यंत तिने शांतपणे काम केले. अशा संस्थांकडे पन्नास वर्षांच्या अनुभवाचा जो साठा आहे, तो एखाद्या परदेशी निबंधकाराला मिळाला असता तर त्याने त्याचे पाच ग्रंथ केले असते. आपल्याकडे तो कार्यकर्त्यांच्या आठवणींत राहतो आणि त्यांच्याबरोबर जातो.

म्हणून डाव्यांच्या विचारपीठांवर टीका करण्यापूर्वी त्यांच्या शिस्तीकडे पाहणे अगत्याचे आहे. ब्लेअर सरकारने १९९९ मध्ये गरीब वस्त्यांतील बालकांसाठी ‘शुअर स्टार्ट’ केंद्रे सुरू केली. त्यांचा उपयोग काय, हा वाद वर्षानुवर्षे चालला. २०१० नंतर निधी कापला गेला, अनेक केंद्रे बंद पडली. अभ्यासकांनी मात्र त्या मुलांचा माग सोडला नाही. २०१९ मध्ये त्यांनी दाखविले, की या केंद्रांच्या परिसरातील मुले मोठी झाल्यावर रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी झाले. २०२४ मध्ये दाखविले, की त्यांचे शालेय परीक्षांतील यशही वाढले. वीस-पंचवीस वर्षे एका पिढीची वही उघडी ठेवण्याचा हा चिवटपणा. वावर-वांगणीच्या त्या वर्षी जन्मलेली आणि वाचलेली बालके आज तिशी ओलांडून गेली आहेत. ती शिकली किती, त्यांच्या मुलांचे वजन किती, ती अजून भट्टीवर जातात का, हे कोणी सलग नोंदविले असते तर आज जव्हारचा अनुभव जगाला शिकवू शकला असता.

राष्ट्रीय विचारांच्या प्रवाहातही अशा अभ्यासाची परंपरा आहे. ठाण्याचे खासदार रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवीत. त्यांच्या निधनानंतर १९८२ मध्ये स्थापन झालेल्या आणि उत्तन येथे नांदणाऱ्या प्रबोधिनीने लोकप्रतिनिधींच्या प्रशिक्षणाचे मोठे काम केले. त्याहून मागे जायचे तर नामदार गोखल्यांची १९०५ ची भारत सेवक समाज ही संस्था आणि तिच्याशी संलग्न असलेली, १९३० पासून धनंजयराव गाडगीळांनी घडविलेली पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था. ‘थिंक टँक’ हा शब्द मराठीत येण्यापूर्वी ही कामे येथे चालू होती. प्रश्न परंपरेचा नाही. उत्तनच्या किनाऱ्यापासून सूर्यमाळच्या पठारापर्यंतचे अंतर कोण चालून जाणार आणि तेथील मस्टरचा आकडा परत कोण घेऊन येणार, हा आहे.

यासाठी एखाद्या भव्य कार्यालयाची आवश्यकता नाही. प्रत्येक गटाने पाच पाडे निवडावेत. दिवाळीपूर्वी किती कुटुंबांनी काम मागितले, मागणीची पावती मिळाली का, हजेरीपत्रक कधी बंद झाले, मजुरी खात्यात कोणत्या दिवशी जमा झाली, या चार नोंदी तारखांसह ठेवाव्यात. भट्टीवर गेलेल्या कुटुंबातील दोन वर्षांखालील मुलांची नावे भिवंडी-वसईकडील कार्यकर्त्यांना कळवावीत. तेथील भगिनींनी ती मुले तिथल्या अंगणवाडीच्या वहीत चढवून घ्यावीत. ग्रामसभेपुढे ही यादी वाचली जावी. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरील सामूहिक दावाही. पण कागद तयार नसेल तर अधिकार कपाटात राहतो.

आणि हे तातडीचे आहे, त्याला कारण आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु त्यात पेरणी-कापणीच्या हंगामात शेतीला मजूर मिळावेत म्हणून वर्षातून साठ दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूद आहे. कोल्हापूर-सांगलीच्या बागायती पट्ट्यात ती समजण्याजोगी आहे. मोखाड्यात जो तो आपल्याच तुकड्यावर लावणी करतो. शेजाऱ्याला मजुरी देण्याची कोणाची ऐपत नाही. आषाढ-श्रावणात हातात पैसा येण्याचा मार्ग जवळजवळ बंद असतो आणि मुले दगावतात ती याच महिन्यांत. कोकणातील सरसकट वेळापत्रक येथे लावले गेले तर भुकेच्या दिवसांतच हमी थांबेल. कायद्याने राज्याला निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळा काळ ठरविण्याची मोकळीक ठेवली आहे. जव्हार आणि मोखाड्यासाठी तो काळ कोणता असावा, पावसाळ्यात पाड्याजवळ कोणती कामे काढता येतील, रोपवाटिका, बांधबंदिस्ती की परसबाग, याचे टिपण तहसील कार्यालयात आणि मंत्रालयात कोणीतरी पोहोचवावे लागेल. तेही अधिसूचना निघण्यापूर्वी.